चिठ्ठीवर लेकराचं वजन लिहिलेलं असतं का तुमच्याकडे?

पऱ्हाटी · ४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

दिवाळीच्या आवराआवरीत औषधांचं कपाट राहून गेलं होतं, ते काल उघडलं. माझ्या अडीच वर्षांच्या लेकीच्या नऊ बाटल्या निघाल्या. चार अर्ध्या, तीन तळाला चिकटलेल्या, दोन न फोडलेल्या. एकीचं लेबल औषध ओघळून इतकं चिकट झालंय की नावच वाचता येत नाही. सगळ्या या एकाच पावसाळ्यातल्या.

छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियात खोकल्याच्या औषधाने लेकरं दगावल्याची बातमी आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. छिंदवाडा मध्यप्रदेशात असला तरी तिथली कित्येक लेकरं शेवटी नागपूरलाच आणली होती. आमच्याकडचंही मोठं दुखणं नागपूरलाच जातं. त्या कोल्ड्रिफ नावाच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. चालतं किती, तर ०.१ टक्का. सर्दी-खोकल्यासाठी औषध पाजलं आणि लेकरांची लघवीच बंद झाली. नवरा म्हणतो, "ते औषध आपल्याइकडे भेटतच नाई, तू काहून डोकं लावून रायली?" नसेल भेटत बाप्पा. पण मग या नऊ बाटल्या कशाकशाच्या, एवढं तरी मला माहीत असायला हवं ना.

मागच्या आठवड्यात तिला पुन्हा सर्दी झाली. सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन कापसाची वेचणी सुरू झालेली, बाया शेतात, तरी तसंच टाकून तालुक्याला गेले. दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी फ्रॉकवरूनच नळी लावली, "किती दिवस?" विचारलं, एक सुई, चार औषधं. चिठ्ठीवर नाव, तारीख आणि चार ओळी. वजन कुठेच नाही. कंपाउंडर म्हणाला, "हे ढक्कनभर तीनदा, हे अर्ध ढक्कन दोनदा." मी विचारलं, वजन नाही करत का? तर म्हणे, "ताई, मागची लाइन पाहा." पाहिली. खरंच मोठी होती. गुमान बाहेर आले.

अडचण अशी की रात्री दोन वाजता दार उघडणारा वीस किलोमीटरमध्ये हा एकच डॉक्टर. सासऱ्यांना साप चावला तेव्हा यानेच स्वतःच्या गाडीत घालून यवतमाळला पोचवलं. माणूस वाईट नाही. त्याला दुखवून मला परवडणार नाही. तुम्ही कसं विचारता?

तर्रीपोहा · ४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आमच्याकडे अकरा निघाल्या, त्यात दोन माझ्या. खोकल्याच्याच, गैरसमज नको.

ढक्कनाचं मात्र खरं आहे. आत्ता चार बाटल्यांची ढक्कनं काढून पाण्याने मोजली. दोन ५ मिलीची, एक १० ची, एकावर खूणच नाही. आमच्या आईने आजवर सगळ्याच बाटल्यांना एकच ढक्कन वापरलं, "धुवून ठेवलेलं आहे" म्हणून.

बोरकूट · ५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

मी लेकरांची डॉक्टर. शिकले सेवाग्रामला, आता वर्धा-यवतमाळच्या सीमेवर एका गावात छोटा दवाखाना आहे. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या बाटल्या. पावडरमध्ये पाणी घालून हलवायची जी अँटिबायोटिकची बाटली असते ती आठवड्याच्या वर ठेवू नका. जिचं नाव वाचता येत नाही ती आजच फेका. ‘उरलेलं पुढच्या वेळी’ हे लोणच्याला शोभतं.

आता वजन. तापाचं पॅरासिटामॉल घेऊ. लेकराला एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दहा किलोच्या पोरीला १५०. दुकानात एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत त्याच ५ मिलीमध्ये २५०, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १००. तोच डोस एकीतून ६ मिली, दुसरीतून ३ आणि थेंबांतून दीड मिली. चिठ्ठीवरची बाटली संपली म्हणून दुकानदाराने दुसरी दिली आणि आईने ढक्कन तेवढंच भरलं, की डोस दुप्पट. त्यात तापाच्या बाटलीतही पॅरासिटामॉल आणि सर्दीच्या बाटलीतही पॅरासिटामॉल, असं मी आठवड्यातून दोनदा तरी पाहते. यकृत दोन्हींचा हिशेब एकत्रच धरतं.

खोकल्याची औषधं. परासियानंतर ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्रक काढलं की दोन वर्षांखालच्या लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाचच्या आत सहसा देऊ नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच सर्दीच्या बाटल्यांत एकत्र असणाऱ्या क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनच्या जोडगोळीवर ‘चार वर्षांखाली वापरू नये’ असं छापायचा आदेश झाला होता. साधी सर्दी आठ-दहा दिवस घेतेच, औषध द्या की नका देऊ. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी, अंगावरचं दूध चालू. वर्षाच्या वरच्या लेकराला रात्री अर्धा चमचा मध. वर्षाच्या आत मध नको, घुटीतूनही नको.

मग घाबरायचं कधी? लेकरू झोपलेलं किंवा शांत असताना सदरा वर करा आणि पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लेकरांचा श्वास सारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना छातीच्या खाली खड्डा पडत असेल, ज्याला आजीबाई ‘पोट उडते’ म्हणतात, तर आकडा कितीही असो, लगेच. दूध-पाणी घेत नाही, घेतलेलं सगळं उलटतं, झटका आला, हाक मारून जागं होत नाही, यातलं काहीही असेल तर वेचणी, लग्न, अमावास्या काही पाहायचं नाही.

डॉक्टरला कसं विचारायचं? ‘वजन का नाही केलं’ म्हटलं की तो आरोप वाटतो. ‘डॉक्टर, हिचं वजन किती धरलंत?’ असं विचारून पाहा. बघा, बहुतेक डॉक्टर तिथंच थांबतात. दुसरं, ‘परत कधी आणू, काय दिसलं तर लगेच आणू?’ याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. दोनच प्रश्न, एक मिनिटही लागत नाही.

आणि कबुली. पहिली तीन वर्षं मीही तीन-तीन बाटल्या लिहिल्या. एकच लिहिली की आई बाहेर जाऊन म्हणायची, "या मॅडमले काही येत नाई." समोरच्या दवाखान्यात सुई मिळायची. मी वजनाचा काटा दाराबाहेर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायला लागले तेव्हा हळूहळू फरक पडला. लोकांना काटा बघायला आवडतो.

मेडिकलवाला · ५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सगळं दुकानदारावर आणू नका ताई. माझ्याकडे दिवसातून दहा जण रिकामी बाटली घेऊन येतात, "असंच द्या." चिठ्ठी मागितली तर पलीकडच्या दुकानात जातात. "लाल वालं द्या, त्यानं फरक पडते" म्हणणारेही तुम्हीच.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. ओआरएसच्या नावाची ती गोड डबी मी पाच-सहा वर्षं पुढच्या फळीवर लावली. मार्जिन चांगलं, आणि बाया त्याच मागायच्या. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं ओरडत होत्या की हे साखरेचं पाणी आहे, हगवण लागलेल्या लेकराला उलट जास्त जुलाब होतात. शेवटी याच १४ ऑक्टोबरला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, डब्यांवर ओआरएस लिहायला मनाई केली. एका बाईने लावून धरलं आणि माझी फळी रिकामी झाली, असं म्हणा. राग आला होता. आता नाही.

जुलाब होत असतील तर ओआरएसची साधी पुडी घ्या, पण पुडी वाचा. छोटी २०० मिलीची असते, मोठी १ लिटरची. मोठी पुडी एका ग्लासात घोळून पाजणारे मी पाहिले आहेत, ते मीठ लेकराच्या मेंदूला लागते. आणि सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. कोणीच १४ दिवस देत नाही, तिसऱ्या दिवशी बंद.

दोन_एकर · ६ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

चांगलं चाललं आहे. काटा, मिनिट, मिलिग्रॅम. आता जरा खाली उतरून पाहा.

माझी वहिनी वेचणीला जाते, मजुरी किलोवर. पोट्टं धुऱ्यावर झोळीत. ताप आला तर दुपारनंतर कामावरून उठावं लागते, तिचे तेवढे किलो गेले. डॉक्टर म्हणतो, दोन दिवसांनी दाखवा. म्हणजे आणखी अर्धा दिवस, ऑटोचं भाडं वेगळं. सुई मारली की पोट्टं रात्री झोपते, उद्या कामावर जाता येते. म्हणून ती सुई मागते. तिले शास्त्र कळत नाई म्हणून मागते असं नाई.

बोरकूट · ६ नोव्हेंबर, दुपारी ३:००

दोन_एकरभाऊ, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण ‘रात्री झोपते’ ती सुई बऱ्याचदा डेक्सा असते, स्टेरॉइड. ताप उतरतो, पोरगं हसतं, आणि आतला न्यूमोनिया तसाच. दोन दिवसांनी येतं तेव्हा ओठ निळे. वहिनीला ही सुई स्वस्त पडते ती तेवढ्यापुरतीच.

परत बोलावण्याबाबत मात्र तुम्ही बरोबर आहात. मी आता फोनवर विचारते: श्वास किती, दूध घेतं का. नीट असेल तर येऊ नका म्हणते. आणि एक वर्षाच्या आतलं लेकरू आजारी असेल तर सरकारी दवाखान्यात ने-आण, औषधं, तपासण्या मोफत आहेत. २०११ पासूनची योजना आहे, १०२ ला फोन करून गाडी मागायची. गाडी दर वेळी येतेच असं मी छातीठोक सांगणार नाही.

मोहफूल · ६ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलं. तरी माझ्या पिशवीत काटा आहे, घड्याळ आहे, थर्मामीटर आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे मी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, घरी झालेलं असेल तर पहिल्याच दिवशीही. दर वेळी झोळीत घालून वजन, बगलेत ताप, एक मिनिट श्वास, आणि नाळ ओली आहे का. वहीत लिहिते. नाही लिहिलं तर पैसे मिळत नाहीत, हेही खरं.

हे आमच्याच जिल्ह्यातून निघालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या अँटिबायोटिकची सुईसुद्धा त्या देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. माझी मावशी त्या काळी या बायांना हसायची, "ह्या काय डॉक्टर होणार?" पुढे तिच्याच नातवाची थंडावलेली काया अशाच एका बाईने छातीशी धरून गरम केली.

पऱ्हाटीताई, तुमच्या गावात आशा आहे ना? तिला सांगा वजन करून द्यायला. मोठ्या लेकरांचा काटा अंगणवाडीत असतो. वजनाचा कागद हातात घेऊनच डॉक्टरकडे जा. डॉक्टरला विचारायची वेळच येत नाही.

(आमच्या महिन्याच्या पैशांचं काय, हे कोणी विचारू नका, रात्र जाईल.)

जुना_हिशेब · ७ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

परासिया पहिलं नाही. १९८६ ला मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं होतं, १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळं उकरून काढलं. हे रसायन स्वस्त असतं, चवीला गोड असतं, आणि औषध विरघळवायच्या द्रवात तपासणी न करता मिसळलं की कोणाला कळत नाही. चाळीस वर्षं होत आली. मी तेव्हा कॉलेजात होतो, आता नातवाच्या बाटलीवरचा बॅच नंबर भिंगातून वाचतो.

रानपाखरू · ७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मेळघाटातल्या धारणी तालुक्यात शिक्षक आहे, मूळचा अकोल्याचा. दोन_एकरने लिहिलं त्यात थोडी भर.

आमच्याकडे बाळाचं पोट फुगलं किंवा धाप लागली की अजूनही काही घरांत डम्मा देतात. तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके. पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या पोटावरचे व्रण पाहून मी वर्गातून बाहेर गेलो होतो. त्याचं समर्थन कोणी करू नये. पण मी त्याच्या आजीशी बोललो तेव्हा ती म्हणाली की भूमका (गावचा पारंपरिक वैद्य) घरी येतो, रात्रभर बसतो, बाळाचं नाव विचारतो. दवाखान्यात आम्हाला बाहेर उभं करतात आणि आमच्या कोरकू भाषेत बोलणारं कोणी नसतं. चिखलदरा-धारणीत पावसाळ्यात नाला चढला की डॉक्टर मिळणंच नशीब, त्यात तो आपल्याशी बोलेल ही अपेक्षाच उरत नाही.

म्हणून बोरकूट मॅडमचा दाराबाहेरचा काटा मला पटला. तिथं लेकराकडे कोणीतरी एक मिनिट नीट पाहतं.

तर्रीपोहा · ७ नोव्हेंबर, रात्री ९:५५

यवतमाळचाच विषय निघाला आहे तर, ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ लेकरांना सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. नशीब की सगळी बरी झाली. बाटली हातात घेतल्यावर नाव वाचायचं, एवढंच राहिलं होतं. तेव्हा आपण सगळे त्या कर्मचाऱ्यांवर तुटून पडलो. परवा मी स्वतः अंधारात आईला डोळ्यांच्या थेंबांऐवजी कानाचे थेंब टाकणार होतो.

आणि गावाकडच्या मित्राला मी म्हणालो, "मेडिकलला ने," तर तो औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहिला. नागपूरकरांचं ‘मेडिकल’ म्हणजे सरकारी हॉस्पिटल, हे आपण बाहेर सांगायला हवं.

पऱ्हाटी · १२ नोव्हेंबर, रात्री ८:२०

उशीर झाला, वेचणी चालू आहे.

मोहफूल म्हणाल्या तसं केलं. अंगणवाडीत गेले तर काट्याची बॅटरी संपलेली. दुकानातून सेल आणून घातले. १०.८ किलो. मदतनीसताईंनी कागदावर लिहून तारीख टाकून दिली. तो कागद घेऊन परवा डॉक्टरांकडे गेले, खोकला होताच अजून. चार ओळींची जुनी चिठ्ठी आणि वर हा कागद, दोन्ही टेबलावर ठेवले. विचारलं काहीच नाही, खरं तर धीर झाला नाही.

त्यांनी कागद पाहिला. "कोणी केलं वजन?" म्हणाले. मी सांगितलं. मग जुनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली, पेन काढलं आणि दोन औषधांवर काट मारली. तिसऱ्यासमोर ढक्कन खोडून ‘५ मिली’ लिहिलं. या वेळी फ्रॉक वर करून तपासलं. तोंडातून एक शब्द नाही. निघताना मात्र म्हणाले, "हा कागद दर वेळी आणत जा." सुरात राग होता की काय ते मला कळलं नाही. सुई नाही दिली.

बाकावरच्या बाईने विचारलं, "काय कागद होता तो?" मी सांगितलं आणि तिच्या पोराचं वजन विचारलं. तिला माहीत नव्हतं. शेजारणीलाही नाही. आपल्या गाईच्या दुधाचं फॅट तिघींनाही तोंडपाठ होतं.

ग्रामसभेत अंगणवाडीच्या काट्याचा विषय मांडावा म्हणून सरपंचांना सांगितलं. ते म्हणाले, बॅटरीसाठी ठराव कशाला, मी देतो पैसे. मी म्हटलं, बॅटरी मी आणली आहे, ठराव यासाठी हवा की दर महिन्याला वजन होऊन ते आईच्या हातात कागदावर मिळावं. "विषयपत्रिकेत नाही," म्हणाले. पुढच्या सभेआधी अर्ज लिहून देणार आहे. मजकूर इथे टाकते, चुका काढा.

बोरकूट · १२ नोव्हेंबर, रात्री ९:०५

अर्ज टाका, मी पाहते. ‘त्याच काट्यावर, दर महिन्याला’ हे शब्द त्यात असू द्या, काटा बदलला की आकडे फसवतात. १०.८ तिच्या वयाला थोडं हलकं आहे. घाबरण्यासारखं नाही, पण पुढच्या दोन महिन्यांत पुढे सरकतं का ते पाहू. दंडाचा घेरही अंगणवाडीत मोजून घ्या. तिचा १२.५ सेंटिमीटरच्या वर असायला हवा. ११.५ च्या आत भरलेलं कोणतंही लेकरू असेल तर ते तिथंच सोडायचं नाही.

तुमच्या डॉक्टरांना एक काटा भेट द्यायचा असेल तर अर्धे पैसे माझे. रागावणार नाहीत, पाहा.

खोकला कसा आहे? श्वास मोजला का?

दोन_एकर · १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

काट्यात माझे शंभर धरा. वहिनीच्या पोट्ट्याचं वजन पहिलं करा म्हणाव तिथं.

पऱ्हाटी · १२ नोव्हेंबर, रात्री ९:३५

आत्ताच मोजला, मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण मिनिट. ३२. झोपली आहे.